एकाचा एसएमएस अडला, दुसरीचं दूध गेलं

सकाळी पावणेसातच्या सुमाराला आण्णांचा फोन आला की गॅसवरचा चहा तसाच राहतो. आण्णा म्हणजे करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचे सचिव. त्यांच्या संकलन केंद्रावर आमचं सॉफ्टवेअर चालतं. त्या दिवशी फोन उचलला तेव्हा मागून कॅनचे आवाज आणि रांगेतल्या माणसांची कुजबुज ऐकू येत होती.

"ताई, परत लाल पट्टी आलीया बघा. आजीचं दूध मापलं, फॅट लागली, आन् मशीन म्हणतंय नोंदच झाली न्हाई. माणसं खोळंबल्यात."

"आण्णा, एकदा परत बटण दाबून बघा."

"दाबलं की. आता झाली. पण काल सांजंला बी असंच झालतं."

बटण परत दाबलं की होतं, म्हणून कुणी फार मनावर घेत नव्हतं. मी घेतलं, कारण मी स्वतः शाळेत जायच्या आधी किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभी राहिलेली आहे. आमच्या घरी दोन म्हशी होत्या. वडील दूध घालून आले की पावती खुंटीवरच्या पिशवीत टाकायचे आणि दहा दिवसांनी बिल आलं की आई एकेक पावती काढून पडताळायची. त्या पिशवीतली एक पावती कमी भरली तर घरात काय होतं ते मला माहीत आहे. आज ती पावती माझ्या कोडमधून निघते.

आधी रचना सांगते. केंद्रावर काटा आणि दुधाची तपासणी करणारं यंत्र संगणकाला जोडलेलं असतं. लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले उरलेले घन पदार्थ) तिथून आमच्याकडे येतात. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट व ९.० एसएनएफ, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हा पाया धरून दरपत्रक असतं. त्यातून दर काढायचा, नोंद पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टाकायची, केंद्राला उत्तर द्यायचं म्हणजे पावती छापली जाते, आणि सभासदाच्या मोबाइलवर एसएमएस पाठवायचा. हे सगळं एडब्ल्यूएस लॅम्डावर, म्हणजे रिक्वेस्ट आली की तेवढ्यापुरतं कोड चालवणाऱ्या ॲमेझॉनच्या सेवेवर, जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएसमध्ये, मुंबई रीजनमध्ये. दुधाचं काम सकाळी अडीच-तीन तास आणि संध्याकाळी तेवढंच. मधल्या वेळेत केंद्राला कुलूप असतं. दिवसभर सर्व्हर चालू ठेवून भाडं भरण्यापेक्षा जेवढं चाललं तेवढंच बिल, हे आमच्यासारख्या चार माणसांच्या कंपनीला परवडतं. अजूनही माझं तेच मत आहे.

लॉग उघडला. आजीच्या नोंदीचा रिक्वेस्ट आयडी मिळाला आणि त्याच्याखाली "अनहँडल्ड प्रॉमिस रिजेक्शन". प्रॉमिस म्हणजे मागाहून पुरं होणारं काम; ते फसलं (रिजेक्ट झालं) आणि ती चूक कुणी पकडली नाही, असा याचा अर्थ. तपशिलात एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीचं उत्तर होतं: मजकूर मंजूर टेम्प्लेटशी जुळत नाही. त्याच्याखाली, रनटाइम (आपलं कोड चालवणारी व्यवस्था) बंद पडला, एक्झिट स्टेटस, म्हणजे बंद होतानाचा आकडा, १२८. झालं, मला वाटलं सापडलं. आजीचा एसएमएस गेला नाही म्हणून फंक्शन पडलं. एसएमएसच्या कॉलला कॅच, म्हणजे चूक पकडणारं कोड, लावायचा, दहा मिनिटांचं काम.

आण्णांना विचारलं, आजीचा नंबर बरोबर आहे ना?

"आजीकडं कुठला मोबाइल, ताई?"

सभासद यादीत बघितलं. खरंच, नंबरचा रकाना रिकामा. आमचं कोड नंबर नसेल तर एसएमएसच्या वाटेला जातच नाही. म्हणजे जी बाई एसएमएस पाठवायलाच सांगत नाही, तिची नोंद एसएमएसच्या चुकीने मारली गेली होती. लॉगमध्ये रिक्वेस्ट आयडी तिचा, चूक भलत्याच कुणाची.

लॅम्डाची एक गोष्ट मला कागदावर ठाऊक होती, पण अंगाला लागली नव्हती. फंक्शन जिथे चालतं त्या जागेला ॲमेझॉन एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंट म्हणतं. आम्ही ऑफिसात तिला खोली म्हणतो. खोलीत एका वेळी एकच रिक्वेस्ट. तिचं उत्तर गेलं की खोली गोठवली जाते: प्रोसेस मारत नाहीत, फक्त थांबवून ठेवतात. पुढची रिक्वेस्ट आली की तीच खोली, त्याच मेमरीसह, जिथे थांबली होती तिथून पुढे चालू होते. दोन सेकंदांनी होईल किंवा दहा मिनिटांनी.

आमच्या हँडलरमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये, नोंद सेव्ह करण्याच्या ओळीला अवेट (काम पुरं होईपर्यंत थांब अशी सूचना) होतं, एसएमएसच्या ओळीला नव्हतं. मुद्दाम नव्हतं. पावती लवकर छापली जावी, एसएमएस मागाहून गेला तरी चालेल, असा विचार मीच केला होता. कायम चालू असलेल्या सर्व्हरवर तो विचार खपूनही गेला असता. इथे मात्र एसएमएसची विनंती वाटेत असतानाच उत्तर परत जायचं आणि खोली गोठायची. नंतर त्याच खोलीत भलत्या गावच्या आजीची नोंद आली की खोली जागी व्हायची, सॉकेटमध्ये (नेटवर्कच्या जोडणीत) येऊन पडलेलं "मजकूर जुळत नाही" वाचलं जायचं, प्रॉमिस रिजेक्ट व्हायचं, त्याला कॅच नाही म्हणून अख्खी प्रोसेस मरायची. आजीचं ट्रान्झॅक्शन तेव्हा अर्ध्यावर असायचं. कनेक्शन तुटलं की पोस्टग्रेस ते मागे फिरवतं, जे योग्यच आहे. आणि केंद्रावर लाल पट्टी.

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. एखाद्या प्रोग्रामच्या वागण्याला ती इतकी चपखल बसेल असं वाटलं नव्हतं.

खरा चोर शोधायला दोन दिवस लागले. भारतात व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्यातल्या बदलत्या जागेत तेव्हा ३० अक्षरांपेक्षा जास्त मजकूर बसत नव्हता. आमच्या टेम्प्लेटमध्ये संस्थेचं नाव अशा जागेत होतं. नव्यानेच जोडलेल्या एका संस्थेचं नाव "सहकारी दूध उत्पादक संस्था मर्यादित" धरून ३० च्या खूप पुढे जात होतं. त्या संस्थेच्या प्रत्येक सभासदाचा एसएमएस नाकारला जात होता, आणि प्रत्येक नकार त्या खोलीत पुढे येणाऱ्यावर फुटत होता. त्या संस्थेकडून मात्र लाल पट्टीची एकही तक्रार नव्हती. "आमच्याकडं मेसेज येत नाहीत" एवढंच ते म्हणत होते, आणि ती तक्रार आम्ही वेगळ्या वहीत लिहून ठेवली होती.

आमच्या टीममधल्या सगळ्यात धाकट्या मुलाने त्याच संध्याकाळी उपाय आणला. "ताई, ग्लोबल लिसनर टाकतो. प्रोसेसवर अनहँडल्ड रिजेक्शन आणि अनकॉट एक्सेप्शन दोन्ही पकडतो, लॉग करतो, सोडून देतो. परत पडणारच नाही." मला घाई होती, दुसऱ्या दिवशीच्या सकाळची भीती होती, मी हो म्हटलं.

लिसनर म्हणजे एखादी घटना घडली की चालणारं कोड, आणि अनकॉट एक्सेप्शन म्हणजे कुणी न पकडलेली चूक. नुसता लिसनर लावून काही बदललं नाही. नोडच्या लॅम्डा रनटाइमने आपलं कोड लोड व्हायच्या आधीच स्वतःचे लिसनर लावलेले असतात. ते चालू रिक्वेस्टच्या नावावर चूक कळवतात आणि प्रोसेस बंद करतात. रिजेक्शन असेल तर १२८ वर, एक्सेप्शन असेल तर १२९ वर. हे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, लॉग न वाचताही अर्धं निदान होतं. आपला लिसनर त्यांच्या रांगेत मागे उभा राहतो, आपलं काम करतो, आणि प्रोसेस तरीही जाते. मग मुलाने आधीचे सगळे लिसनर काढून टाकले आणि फक्त आपला ठेवला. लाल पट्ट्या थांबल्या. दीड दिवस.

तिसऱ्या सकाळी एक नोंद १० सेकंद अडकून टाइमआउट झाली. कुठलाही एक्सेप्शन नाही. मग आणखी एक. कारण सापडायला दुपार झाली. आमच्या पूलमध्ये, म्हणजे डेटाबेसची उघडी कनेक्शनं जपून ठेवणाऱ्या भागात, खोलीमागे एकच कनेक्शन असतं. जुन्या एका लायब्ररीच्या कॉलबॅकमध्ये (काम झाल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मधेच एक्सेप्शन यायचा, ते कनेक्शन पूलला परत करायची ओळ त्याच्यापुढे होती, ती चालायचीच नाही. पूर्वी प्रोसेस मरायची आणि नवीन खोली नवीन कनेक्शन घेऊन यायची. आता आम्ही तिला मरू देत नव्हतो. त्या खोलीत आलेली पुढची नोंद कनेक्शनची वाट बघत बसायची आणि १० सेकंदांनी टाइमआउट व्हायची. तेव्हा कुठे लॅम्डा खोली साफ करायचं. आधी चुकीचा का होईना, लॉगमध्ये एक्सेप्शन दिसत होता. आता एकाऐवजी दोघांच्या नोंदी जात होत्या आणि पुरावाही राहत नव्हता.

नोडच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: अनकॉट एक्सेप्शननंतर प्रोग्रामची अवस्था भरवशाची राहत नाही, तिथून काम पुढे चालू ठेवू नका. मी ते वाचलेलं होतं. माझं आताचं मत त्याहून कडक आहे. ग्लोबल लिसनरचं काम वाचवणं नाही, पंचनामा करणं आहे. काय घडलं, कुणाच्या कामातून घडलं, एवढं लिहायचं आणि प्रोसेसला जाऊ द्यायचं. लॅम्डासारख्या सर्व्हरलेस व्यवस्थेत तर हे जास्तच खरं, कारण नवीन खोली मिळायला फार वेळ लागत नाही. आमची साधारण सेकंदाच्या आत उभी राहते. मरू घातलेल्या खोलीला धरून ठेवण्यात काहीही कमाई नाही.

म्हणून आता रनटाइमच्या लिसनरांना आम्ही हात लावत नाही. एक्सेप्शनसाठी नोडमध्ये अनकॉट एक्सेप्शन मॉनिटर नावाचा वेगळा इव्हेंट आहे, नोडच्या १३.७ आणि १२.१७ या आवृत्त्यांपासून. तो फक्त बघू देतो, पुढे जे व्हायचं ते होतंच. मला तो फार आवडला, कारण त्यातून चुकूनही कुणी काही गिळू शकत नाही. मात्र रिजेक्शनसाठी लॅम्डामध्ये तो कामाला येत नाही. रनटाइमचा अनहँडल्ड रिजेक्शनचा लिसनर आधीच बसलेला असल्यामुळे रिजेक्शनचं रूपांतर एक्सेप्शनमध्ये होतच नाही. तिथे आम्ही आपला लिसनर रांगेत सर्वांत पुढे घालतो. दोन्हीकडे एक ओळ लॉग, बस. नेटवर्कवर काही पाठवायचं नाही, कारण ते पोचायच्या आत प्रोसेस गेलेली असेल.

हे झालं शेवटचं जाळं. त्याच्यापर्यंत काही पोचूच नये यासाठीचं काम जास्त होतं, आणि ते मी मनापासून केलं.

प्रत्येक हँडलरभोवती एकच रॅपर, म्हणजे त्याला बाहेरून गुंडाळणारं फंक्शन, आला. त्यात उधारी नावाची एक यादी आहे. अवेट न करता सोडलेलं कुठलंही काम आधी उधारीत लिहायचं, सोबत नोंदीचा क्रमांक. रॅपर उत्तर परत जाऊ देण्याआधी ती यादी चुकती करतो: सगळी प्रॉमिस पूर्ण होईपर्यंत थांबतो, जी रिजेक्ट झाली त्यांची चूक ज्याच्या त्याच्या क्रमांकासह लॉग करतो. थांबायला मर्यादा आहे. लॅम्डाच्या कॉन्टेक्स्टमधून उरलेला वेळ विचारता येतो, त्यातला शेवटचा एक सेकंद आम्ही राखून ठेवतो. कुणी म्हणेल, यापेक्षा इव्हेंट लूप (नोडमधली उरलेल्या कामांची फिरती रांग) रिकामा होईपर्यंत थांबायची सेटिंग आहे ना. ती कॉलबॅक पद्धतीच्या हँडलरसाठी. असिंक हँडलरमध्ये तिचा उपयोग नाही, आणि डेटाबेसचं कनेक्शन उघडं असेल तर लूप रिकामा होतच नाही.

उधारीत लिहायला माणूस विसरला तर? विसरणारच. म्हणून कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या टाइपस्क्रिप्टच्या ईएसलिंटमधला "नो फ्लोटिंग प्रॉमिसेस" हा नियम चालू केला. पहिल्याच धावेत त्याने १४ जागा दाखवल्या. त्यातल्या तीन मी स्वतः लिहिलेल्या होत्या, नोड १२ च्या काळातल्या, जेव्हा न पकडलेल्या रिजेक्शनवर साध्या नोडमध्ये फक्त इशारा छापला जायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये नोड १५ आलं आणि तो इशारा जाऊन प्रोसेस मरायला लागली. लॅम्डाचा रनटाइम स्वतःच्या लिसनरने तेच करतो. जुन्या सवयीने लिहिलेली ओळ आणि नवे नियम यांची गाठ अशी रांगेतल्या माणसांसमोर पडते.

रॅपरमध्ये ट्राय कॅच लावलं की सगळं हाती येतं, हा माझा समज त्याच आठवड्यात आणखी एकदा मोडला. स्टेटस या वेळी १२९. पोस्टग्रेस १४ मध्ये रिकामं बसलेलं सेशन ठरावीक वेळेनंतर तोडायची सेटिंग आली आहे. कनेक्शन वाचवायला आम्ही ती ५ मिनिटांवर ठेवली होती, आणि इकडे पूलला सांगितलं होतं की रिकामं कनेक्शन कधी सोडू नको. खोली गोठलेली असताना डेटाबेस कनेक्शन तोडायचा आणि तसा निरोप पाठवायचा. निरोप सॉकेटमध्ये पडून राहायचा. खोली जागी झाली की पूल तो वाचून एरर इव्हेंट काढायचा. नोडमध्ये एरर इव्हेंटला कुणीच ऐकणारा नसेल तर तो थेट एक्सेप्शन होतो. तो हँडलरच्या ट्राय कॅचमध्ये कसा सापडणार? तो हँडलरच्या आतून आलेलाच नाही, इव्हेंट लूपमधून आलेला आहे. सेट टाइमआउटच्या (ठरावीक वेळाने चालायला ठेवलेल्या कोडच्या) आत फेकलेल्या एक्सेप्शनचंही तसंच. पूलवर एरर ऐकणारी एक ओळ घातली आणि प्रकरण मिटलं. पूलच्या दस्तऐवजात ती ओळ घाला असं सांगितलेलं आहे. लॅम्डावर पोस्टग्रेस वापरणाऱ्या प्रत्येकाने ती आज, आत्ता तपासावी असं मला कळकळीने सांगायचं आहे.

दरपत्रकाचा किस्साही इथलाच. दरपत्रक आम्ही एस३ मधून (ॲमेझॉनच्या फाइल साठवायच्या सेवेतून) कोडच्या फाइलच्या सुरुवातीलाच वाचायचो, हँडलरच्या बाहेर. खोली उभी राहताना जे चालतं ते रॅपरच्या कक्षेत येत नाही. त्या टप्प्याला लॅम्डा १० सेकंद देतं, आणि तो फसला तर रिक्वेस्ट हातात घेताना तोच टप्पा पुन्हा चालवतं. म्हणजे केंद्रावरच्या माणसाला आधी नुसतीच वाट बघावी लागते आणि मग लाल पट्टी. आम्ही दरपत्रक पहिल्या गरजेला, रॅपरच्या आत वाचायला लागलो आणि त्याचं प्रॉमिस खोलीत जपून ठेवलं. यात एक खड्डा आहे. ते प्रॉमिस रिजेक्ट झालं आणि तसंच जपून राहिलं, तर त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक नोंदीला तीच जुनी चूक मिळत राहते, एस३ केव्हाच ठीक झालं असलं तरी. रिजेक्ट झालं की जपलेलं पुसून टाकायचं.

काही गोष्टी मात्र कुठल्याच लिसनरला दिसत नाहीत. टाइमआउट हा एक्सेप्शन नाही, बाहेरून घातलेला घाव आहे. मेमरी संपली तर लॉगमध्ये सिग्नल किल्ड एवढंच येतं, कोडची एकही ओळ चालत नाही. यांच्यासाठी क्लाउडवॉचवर, ॲमेझॉनच्या देखरेखीच्या सेवेवर, अलार्म ठेवायचा, दुसरा मार्ग नाही.

अलार्म लावताना मला जे उमगलं ते सहज निसटण्यासारखं आहे. फंक्शन मेलं की एपीआय गेटवे, म्हणजे केंद्र आणि फंक्शन यांच्यामधलं दार, केंद्राला ५०२ हा सर्व्हरच्या बिघाडाचा आकडा देतो, त्यावरून आण्णांना काहीच कळत नाही. म्हणून रॅपर आता ओळखीच्या चुकांना ओळखीचं उत्तर देतो, "या फॅटला दरपत्रकात दर नाही" असं मराठीत, आणि अनोळखी चुकीला ५०० देतो, सोबत रिक्वेस्ट आयडीची शेवटची चार अक्षरं. लाल पट्टीवर ती चार अक्षरं मोठ्या टायपात येतात. आण्णा फोनवर वाचून दाखवतात आणि मी त्याच मिनिटाला लॉगमध्ये पोचते. पण रॅपरने चूक पकडून ५०० परत केलं, की लॅम्डाच्या दृष्टीने फंक्शन यशस्वी झालं! एरर्स या मेट्रिकमध्ये (मोजणीत) शून्य. आमचा जुना अलार्म तिथे लावलेला होता, म्हणजे रॅपर आल्या दिवसापासून तो आंधळा झाला होता. आता एक अलार्म एपीआय गेटवेच्या ५०० गटावर आहे आणि एक लॅम्डाच्या एरर्सवर, कारण दोघांना वेगवेगळं दिसतं.

उलट प्रकारही आहे. दहा दिवसांचं बिल करणारं फंक्शन दुसऱ्या फंक्शनला थेट बोलावून कपातींचा हिशेब करून घेतं. पशुखाद्याची उधारी, ॲडव्हान्स वगैरे. उत्तराचं स्टेटस २००, म्हणजे सगळं ठीक, आलं की पुढे, असं कोड होतं. पण लॅम्डाला अशी थेट हाक मारली तर आतलं फंक्शन एक्सेप्शनने पडलं तरी स्टेटस २०० च येतं. पडल्याची खूण फंक्शन एरर या वेगळ्या रकान्यात असते. सुदैवाने कपातींचं फंक्शन तोवर कधी पडलं नव्हतं. मी सहा महिन्यांची बिलं तपासून खात्री केली, तेव्हा झोप लागली.

एसएमएस शेवटी हँडलरमधून काढलाच. उधारी चुकती करत पावती थांबवून ठेवणं मला पटत नव्हतं. आता नोंद सेव्ह झाली की एसक्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या निरोप साठवणाऱ्या सेवेच्या, रांगेत निरोप टाकतो, त्याला अवेट करतो, काही मिलिसेकंद लागतात. दुसरं फंक्शन रांगेतून दहा-दहा निरोप उचलून एसएमएस पाठवतं. तिथेही संन्याशाची फाशी टपून बसली होती. दहातला एक फसून एक्सेप्शन बाहेर आला तर लॅम्डा दहाही परत रांगेत टाकतं, आणि ज्यांना एसएमएस गेले त्यांना पुन्हा जातात. एकाच दुधाचे दोन मेसेज आले तर सभासद सचिवाला विचारतोच, नोंद दोनदा झाली का? नोव्हेंबर २०२१ पासून फसलेले तेवढेच परत पाठवायची सोय आहे. फंक्शनने फक्त फसलेल्यांचे आयडी उत्तरात द्यायचे, आणि इव्हेंट सोर्सच्या (रांग फंक्शनला जोडणाऱ्या) सेटिंगमध्ये ती सोय चालू करायची. दुसरं विसरलं तर पहिल्याचा काही उपयोग नाही. पाच वेळा फसलेला निरोप डेड लेटर क्यूमध्ये, म्हणजे फसलेल्या निरोपांच्या वेगळ्या रांगेत, जातो आणि ती क्यू मी रोज सकाळी अकराला बघते. संस्थेचं नाव टेम्प्लेटमध्ये आता संक्षिप्त जातं.

आण्णांनी "बटण परत दाबलं की होतं" असं जे सांगितलं होतं, त्यातही एक धोका होता. कधीकधी नोंद डेटाबेसमध्ये पक्की (कमिट) झालेली असायची आणि उत्तर परत जायच्या आत प्रोसेस मरायची. मग परत दाबल्यावर तेच दूध दोनदा. म्हणून प्रत्येक नोंदीवर केंद्राने दिलेला पावती क्रमांक बंधनकारक केला. संस्था, तारीख, वेळ आणि पावती क्रमांक मिळून युनिक की, म्हणजे दोनदा येऊ न शकणारी ओळख. तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर नवी होत नाही, पहिलीचंच उत्तर परत जातं.

कोडचं एवढं झालं. पण गेलेल्या नोंदींचं काय, हा प्रश्न टीममध्ये मी काढला तेव्हा एकजण म्हणाला की बटण परत दाबून त्या झाल्याच असतील. सगळ्या नाही झाल्या. गर्दीच्या वेळी पोरं लाल पट्टी बघून वहीत पेनाने लिहून ठेवतात, नंतर टाकू म्हणतात, आणि राहून जातं. मी दोन महिन्यांचे लॉग काढले. स्टेटस १२८ किंवा १२९ वर संपलेली प्रत्येक रिक्वेस्ट, तिच्यातलं लिटर, फॅट, सभासद क्रमांक, आणि त्यानंतर अर्ध्या तासात तीच नोंद झाली का. हँडलर पहिल्याच ओळीत आलेली नोंद जशीच्या तशी लॉग करतो. ती ओळ मी पूर्वी एकदा लॉगचा खर्च वाचवायला काढणार होते, नाही काढली ते बरं झालं. २३ नोंदींचा जोड सापडला नाही. सहा संस्थांमधल्या.

यादी घेऊन आधी आण्णांकडे गेले. दुपारी केंद्र बंद असतं. त्यांनी लोखंडी कपाटातून लाल कापडाची वही काढली, चष्मा लावला आणि तारीख विचारली. मी वाचत गेले, ते बोट फिरवत गेले. "हां, हाय. म्हैस, तीन लिटर सहाशे. पेनानं लिवलंय." त्यांच्या संस्थेच्या सातही नोंदी वहीत होत्या. लिटर जुळलं, फॅट जुळली. आजींच्या दोन निघाल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. पावती मिळाली नाही तर नाही, सचिवांनी वहीत लिहिलंय ना, एवढ्या विश्वासावर.

बाकीच्या पाच संस्थांत तीन दिवस फिरले. एका ठिकाणी वहीच नव्हती. तिथल्या चार नोंदी आमच्या लॉगवरून धरल्या आणि सचिवांची सही घेतली. पुढच्या दहा दिवसांच्या बिलात या सगळ्यांच्या खाली "मागील फरक" अशी एक ओळ आली. आण्णांनी आजींना ती वाचून दाखवली. त्यांनी फरक म्हणजे काय ते विचारलं, आणि आण्णांनी फोन माझ्याकडे लावून दिला.

"आजी, तुमच्या दोन वेळच्या दुधाची नोंद आमच्याकडून राहिली होती. त्याचे पैसे आहेत."

"कवाच्या दुधाची?"

मी तारखा सांगितल्या, लिटर सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिशी म्हस पान्हावली नव्हती. तेवढंच हुतं."